कापलेली ग्रंथी आणि बसवलेली ग्रंथी : चकलीच्या दोन डोळ्यांचं प्रकरण

रुग्ण कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री, नाव चकली. वय चौदा महिने, वजन साडेनऊ किलो, लसी वेळच्या वेळी झालेल्या. राहणार दांडिया बाजार, वडोदरा. तक्रार : चार दिवसांपासून उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात लालभडक गाठ. खाणंपिणं नीट, ताप नाही, खेळणं चालू. मधूनमधून पंजाने डोळा चोळते.

कार्डावर एवढं उतरवून झाल्यावर घरच्यांनी डाव्या डोळ्याचा इतिहास सांगितला. चकली पाच महिन्यांची असताना अशीच गाठ डावीकडे आली होती. तेव्हा हे कुटुंब एका लग्नासाठी परगावी गेलं होतं. तिथल्या एका दवाखान्यात "मांस वाढलंय" असं सांगून ती कापून टाकली. काम पटकन झालं, पैसे थोडकेच लागले आणि दोन-चार दिवसांत डोळा अगदी स्वच्छ दिसायला लागला. त्यामुळे या खेपेला मागणी सरळ होती. आजोबा म्हणाले, "डॉक्टरबाई, तेवढी कापून द्या. मागच्या वेळी काहीएक त्रास झाला नाही." सूनबाई जरा कचरत होत्या. त्यांनी मोबाइलवर काहीबाही वाचलं होतं, पण सासऱ्यांपुढे बोलायचं कसं, हा प्रश्न होता.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण एवढंच, की एका डोळ्यातली ग्रंथी काढलेली आणि दुसऱ्यातली जागेवर बसवलेली असा प्राणी क्वचितच एका टेबलावर मिळतो. घर तेच, खाणं तेच, धूळ आणि ऊन तेच, आईबापांकडून आलेलं रक्तही तेच. अशी तुलना ठरवून कोणी करू नये. पण समोर आयती आलीच, तर नीट मोजून ठेवावी.

आधी ती "गाठ" म्हणजे काय ते सांगते. कुत्र्या-मांजरांना वरची आणि खालची पापणी असतेच, शिवाय नाकाकडच्या कोपऱ्यात आत दडलेली तिसरी पापणी असते. आपल्या डोळ्याच्या त्याच कोपऱ्यात जी गुलाबी घडी दिसते, ती याच पापणीचा आपल्यात उरलेला अवशेष. कुत्र्याने डोळा आत ओढला, की ही पापणी गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखी बुबुळावरून सरकते, कचरा पुसते आणि ओलावा पसरवते. तिला ताठपणा देणारी एक कूर्चा असते, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची. त्या टीच्या दांडीच्या बुडाशी एक अश्रुग्रंथी चिकटलेली असते. डोळ्यातल्या पाणीदार अश्रूंपैकी साधारण तीस ते पन्नास टक्के वाटा हिचा. उरलेलं पाणी डोळ्याच्या खोबणीत वर, बाहेरच्या बाजूला असलेल्या मुख्य ग्रंथीतून येतं.

ही खालची ग्रंथी तंतूंच्या एका पातळ बंधनाने खोबणीच्या आतल्या बाजूला बांधलेली असते. काही जातींत हे बंधन जन्मतःच कच्चं असतं. मग ग्रंथी उलटी होऊन पापणीच्या काठावरून वर येते, हवेला लागते, सुकते, सुजते. सुजली की आणखी मोठी होते आणि मग आपली आपण आत जायला जागाच उरत नाही. याला चेरी आय म्हणतात. कॉकर स्पॅनियल, बीगल, बुलडॉग, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पेकिनीज या जातींत हे जास्त दिसतं आणि बहुतेकदा वयाच्या पहिल्या दोन वर्षांत. एका डोळ्यात झालं, की काही महिन्यांत दुसऱ्यातही होण्याची शक्यता बरीच असते. चकलीचंही तसंच झालं. मांजरांत हे क्वचित, त्यातल्या त्यात बर्मीज आणि पर्शियनमध्ये. थोडक्यात, इथे नवीन मांस वाढलेलं नसतं. जे दिसतं, तो कामाचा अवयव असतो, फक्त जागा सोडून बाहेर आलेला.

तपासणी

डोळ्याच्या तपासणीत क्रम फार महत्त्वाचा. अश्रू मोजायचे असतील, तर ते सगळ्यांत आधी. एकदा का डोळ्यात कसलाही थेंब पडला, की आकडा बिघडला. म्हणून टेबलावर घेतल्या घेतल्या हात लावायचा तो शर्मर पट्टीला. पाच मिलिमीटर रुंदीची ही शोषक कागदाची पट्टी असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा आणि निळ्या रंगाची एक रेघ. टोक पाकिटाच्या आतच, खाचेपाशी दुमडून घ्यायचं. उघड्या बोटांनी धरली तर कातडीचं तेल लागतं आणि कागद नीट शोषत नाही. दुमडलेलं टोक खालच्या पापणीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात अडकवायचं आणि साठ सेकंद घड्याळाकडे बघायचं. सूनबाईंनी चकलीचं डोकं धरलं होतं. पट्टीवरचा निळा रंग ओलाव्याबरोबर खाली उतरताना सगळ्यांना दिसत होता. उजवीकडे तो सरसर उतरला. डावीकडे सुरुवातीला थोडा सरकला आणि मग रेंगाळला.

उजवा डोळा १९ मिलिमीटर, डावा ११.

कुत्र्यात मिनिटाला १५ किंवा त्याहून जास्त आला तर ठीक. १० ते १५ च्या मध्ये आला तर शंका घ्यायची, दहाच्या खाली आणि सोबत चिपडं-लाली असेल तर ड्राय आय, म्हणजे अश्रू कमी पडून कोरडा झालेला डोळा, पाचच्या खाली म्हणजे काम फार पुढे गेलेलं. चकलीचा डावा डोळा पाहणाऱ्याला उत्तम वाटत होता. लाली नाही, चिपडं म्हणाल तर सकाळी थोडीशी. पण बुबुळावर टॉर्चचा प्रकाश टाकला, तर उजवीकडे प्रकाशाचा ठिपका धारदार उमटत होता आणि डावीकडे त्याच्या कडा किंचित फाटल्यासारख्या.

११ हा आकडा ग्रंथी कापल्यामुळेच आला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कापण्याआधी कोणी मोजलेलं नव्हतं. शिवाय कॉकर ही जातच ड्राय आयसाठी बदनाम आहे. त्यांच्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते. पण हीच गोष्ट उलट बाजूनेही बघायला हवी. ज्या जातीत मुख्य ग्रंथी पुढेमागे दगा देण्याची शक्यता मुळातच जास्त आहे, तिच्यातली दुसरी ग्रंथी आपण कापून टाकायची? उजवीकडच्या १९ वरही मी फार विसंबले नाही. बाहेर आलेली ग्रंथी डोळ्याला टोचत राहते, त्या चुरचुरीने पाणी जास्त सुटतं आणि आकडा फुगतो.

त्यानंतर फ्लुओरेसिन. केशरी टोकाची पट्टी सलाइनच्या थेंबाने भिजवून डोळ्याला लावायची, धुवायचं आणि निळ्या प्रकाशात बघायचं. बुबुळावर कुठे खरचटलं असेल, तर तेवढाच भाग हिरवा चमकतो. दोन्ही डोळे स्वच्छ निघाले. मग सुन्न करणारे थेंब घालून चिमट्याने तिसरी पापणी अलगद बाहेर ओढून मागून पाहिली. तिथे कुसळ, गवताचं बी किंवा वाळूचा कण अडकून असला, तर समोरून काही म्हणता काही कळत नाही. इथे काही नव्हतं. वरच्या पापणीच्या काठावर मात्र चार-पाच जास्तीचे केस सापडले, तेलग्रंथींच्या तोंडातून उगवलेले. कॉकरमध्ये हे नित्याचं. केस मऊ होते, अश्रूंवर तरंगत होते, बुबुळाला खुपत नव्हते. त्यांना हात लावला नाही. दिसलं म्हणून उपटायचं, ही सवय डोळ्यांच्या बाबतीत महागात पडते.

उजवीकडची गाठ गुळगुळीत, गोल, वाटाण्याहून थोडी मोठी. सुन्न केल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच दाबली तर आत गेली आणि चकलीने दोनदा डोळे मिचकावताच परत बाहेर. निदान तिथेच पक्कं झालं.

डोळ्याच्या कोपऱ्यात काही लाल किंवा पांढुरकं दिसलं की ते चेरी आयच, असं धरून चालू नये. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांत तीच टी आकाराची कूर्चा मुडपते आणि पापणीचा काठ बाहेर वळतो. दिसायला थोडंफार सारखं, पण इलाज वेगळा : मुडपलेला तुकडा काढायचा आणि ग्रंथीला धक्का लावायचा नाही. आठ-दहा वर्षांच्या कुत्र्यात पहिल्यांदाच गाठ दिसली, तर मी चेरी आय म्हणण्याआधी ट्यूमरचा विचार करते आणि तुकडा तपासायला पाठवते. आणि गाठ नसून नुसता पांढुरका पडदाच अर्ध्या डोळ्यावर आला असेल, तर कारण बहुधा पापणीत नसतंच. डोळा दुखत असला की कुत्रा तो आत ओढतो आणि तिसरी पापणी आपोआप वर येते. एकाच बाजूला असं झालं, सोबत बाहुली बारीक झाली आणि वरची पापणी लोंबली, तर चेतातंतूंची तपासणी लागते. मांजराच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय आणि आठवड्याभरापासून पोट बिघडलंय, हे चित्र तर इतकं ठरलेलं, की डोळ्यात थेंब घालण्याआधी मी विष्ठा तपासायला मागते. ते पडदे काही आठवड्यांत, फार तर एक-दोन महिन्यांत, आपसूक खाली जातात. त्यांना कात्री लावायची गरज नसते.

आजोबांशी झालेलं बोलणं

"मग काय करायचं?" या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. आजोबा आयुष्यभर हिशेबाच्या नोकरीत होते, त्यामुळे त्यांना आकड्यांत बोललेलं आवडलं. कापायचा खर्च एक, ग्रंथी पापणीतच शिवलेल्या खिशात बसवायचा खर्च त्याच्या तिप्पट-चौपट, पूर्ण भूल, रक्ततपासणी, नंतर दोन आठवडे डोळ्याला पंजा लागू न देणारी कॉलर गळ्यात. वर, बसवलेली ग्रंथी पुन्हा बाहेर येण्याची थोडी शक्यता राहतेच. बुलडॉगमध्ये ती जास्त, कॉकरमध्ये त्या मानाने कमी. हे सगळं आधीच सांगितलं. लपवलं, तर पुढे सातव्या दिवशी सूज दिसल्यावर विश्वास उडतो.

मग दुसऱ्या बाजूचा हिशेब. १९९३ साली मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेरी आय झालेल्या ८९ कुत्र्यांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. ग्रंथी कापलेल्या डोळ्यांपैकी जवळजवळ निम्मे पुढे कोरडे पडले होते. जागेवर बसवलेल्यांत हे प्रमाण सातात एक असं होतं. आणि नुसती बाहेर लोंबत ठेवलेल्यांची गत कापलेल्यांपेक्षा फारशी बरी नव्हती. म्हणजे "राहू दे, त्रास तर देत नाही ना" हाही पर्याय नाही. कोरडेपणा लगेच दिसत नाही, हीच यातली मेख. तो महिन्यांनी, कधी वर्षांनी येतो आणि तोवर कापल्याचं घरचे विसरलेले असतात. मग चिकट, पिवळसर-हिरवी चिपडं, डोळा सतत मिटलेला, बुबुळावर आधी रक्तवाहिन्या आणि मग काळपट थर. त्या टप्प्यावर औषध जन्माचं लागतं.

माझं बोलणं ऐकून आजोबा काही बदलले नाहीत. त्यांचं मत बदललं ते पट्ट्यांमुळे. त्यांनी दोन्ही पट्ट्या मागून घेतल्या, कार्डावर शेजारी शेजारी चिकटवलेल्या पाहिल्या आणि विचारलं, "ही छोटी, ती मागच्या वेळची बाजू ना?" मी हो म्हटलं. दवाखान्यातला मदतनीस गुजरातीत "आंखमां मांस वध्युं छे" असं सवयीने म्हणायला गेला, त्याला आजोबांनीच थांबवलं.

शस्त्रक्रिया लगेच केली नाही. सुजलेली ग्रंथी खिशात कोंबली तर टाके ताणले जातात. आठवडाभर प्रतिजैविकाचे आणि सूज उतरवणारे थेंब दिले. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. घरात कोणाच्या तरी डोळ्यांसाठी आणलेली बाटली कपाटात असते आणि "डोळ्यांचंच तर औषध" म्हणून कुत्र्याला घातली जाते. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर ती जखम काही दिवसांत खोल जाऊ शकते, बुबुळ फाटण्यापर्यंत. फ्लुओरेसिन करून बुबुळ शाबूत असल्याची खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइड नाही. चकलीला दिलं, ते त्या खात्रीनंतरच.

खिसा

पद्धत मॉर्गन पॉकेट. फेब्रुवारी संपता संपता, सकाळच्या वेळी. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं, रक्त आणि यकृत-मूत्रपिंडाचे आकडे ठीक. प्रोपोफॉलने भूल, पुढे आयसोफ्लुरेन. डोळा पोव्हिडोन आयोडीनच्या पाण्यातल्या द्रावणाने धुतला, एकास पन्नास इतकं पातळ करून. साबण असलेलं स्क्रब डोळ्याजवळ आणायचंही नाही. त्याने बुबुळाचा वरचा थर जळतो.

पापणीचा काठ दोन बाजूंनी दोऱ्यांत धरून बाहेर ओढला आणि उलटा केला, म्हणजे बुबुळाकडची बाजू समोर आली. मध्ये ग्रंथीचा लाल उंचवटा. त्याच्या एका बाजूला, काठाकडे, साधारण सेंटिमीटरभर लांबीचा एक छेद. दुसऱ्या बाजूला, बुडाकडे, त्याला समांतर दुसरा. छेद फक्त वरच्या नाजूक आवरणापुरते. ग्रंथीला कात्री लागत नाही आणि तिच्यावरचं आवरण तसंच राहतं. मग बोथट हत्याराने छेदांच्या बाहेरच्या कडा थोड्या मोकळ्या केल्या, ग्रंथी आत ढकलली आणि बाहेरच्या दोन कडा तिच्यावरून एकमेकींना शिवून टाकल्या. दोरा ६-० जाडीचा, विरघळणारा पॉलिग्लॅक्टिन. एवढा बारीक, की भिंगाशिवाय सुईच्या मागे तो दिसत नाही.

यात दोन जागी हात सांभाळावा लागतो. पहिली जागा गाठीची. गाठ बुबुळाकडच्या बाजूला राहिली, तर प्रत्येक मिचकावणीला बुबुळ खरवडलं जातं. म्हणून पहिली गाठ पापणीच्या पुढच्या बाजूला मारायची, सुई आरपार मागे न्यायची, शिवण पूर्ण करायची आणि शेवटी परत पुढे येऊन दुसरी गाठ. दुसरी जागा शिवणीच्या टोकांची. दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर फट मुद्दाम ठेवायची. ग्रंथी आत जिवंत आहे, पाणी तयार करणार आहे, त्या पाण्याला वाट हवी. घट्ट बंद केलं, तर आत पाण्याची पिशवी तयार होते आणि दोन महिन्यांनी नवीनच गाठ घेऊन घरचे दारात उभे राहतात. ग्रंथी खोबणीच्या हाडाच्या आवरणाला टाक्याने बांधायचीही एक पद्धत आहे, तीही चांगली चालते. पण तिच्यात पापणीची हालचाल थोडी जखडते. पहिल्या खेपेला मी खिसाच निवडते. खिसा उसवला, तर बांधायचा पर्याय हातात राहतो आणि तशी अवघड प्रकरणं मी चाळीसेक किलोमीटरवरच्या आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजकडे पाठवते.

संध्याकाळी चकली घरी गेली. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, मलम दिवसातून तीनदा, कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक खाण्यासोबत काही दिवस. माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, हे औषधाच्या कागदावर मी नेहमी मोठ्या अक्षरात लिहिते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.

दांडिया बाजारातल्या त्या जुन्या घराचा जिना अरुंद आणि उभा. कॉलर घातलेली चकली प्रत्येक पायरीला आपटायची. दुसऱ्याच दिवशी कॉलर काढायची परवानगी मागणारा फोन आला. ती दिली नाही. त्याऐवजी दोन आठवडे तिची झोपायची जागा तळमजल्यावर ओट्याशेजारच्या खोलीत हलवली आणि मागच्या अंगणातच फिरवायचं ठरलं. पंजाचा एक फटका सगळी शिवण उसवायला पुरतो.

तिसऱ्या रात्री मोबाइलवर फोटो आला आणि खाली एकच ओळ : "मॅडम, परत आली." डोळ्याच्या कोपऱ्यात पुन्हा लाल फुगवटा. पण नीट पाहिलं, तर पापणीचा काठ फुगवट्याच्या वर अखंड दिसत होता. ग्रंथी बाहेर आली असती, तर ती काठ ओलांडून वर दिसली असती. ही होती टाक्यांची सूज, जी पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांना येते. दुसऱ्या दिवशी बोलावून प्रत्यक्ष पाहिलं, काही केलं नाही. दहाव्या दिवसापर्यंत सूज उतरली. दोन आठवड्यांनी कॉलर निघाली, उजवी पट्टी १७.

उन्हाळा

डाव्या डोळ्यासाठी फेब्रुवारीत फक्त कृत्रिम अश्रू दिले होते, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब, दिवसातून चार वेळा. ११ हा आकडा काठावरचा, लक्षणं नगण्य. लगेच जन्माचं औषध सुरू करण्यापेक्षा थांबून पुन्हा मोजणं मला रास्त वाटलं. या थेंबांची अडचण अशी, की पहिला महिना सगळे चारदा घालतात, मग तीनदा, मग आठवण झाली की.

मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा चाळिशी ओलांडून जातो, दुपारभर घरात पंखे आणि कूलर चालू. चकली थेट कूलरच्या तोंडाशी झोपायची. सूनबाई तिला घेऊन आल्या, तेव्हा डाव्या डोळ्यात चिकट चिपडं होती, बोटाने काढली तर दोऱ्यासारखी लांबणारी. पांढऱ्या भागावर लाली. पट्टी : डावा ९, उजवा २०. फ्लुओरेसिन स्वच्छ.

सततच्या वाऱ्याने ग्रंथी सुकत नाही, पण मुळात कमी असलेला ओलावा लवकर उडून जातो आणि जी तूट थंडीत खपून गेली, ती उन्हाळ्यात उघडी पडते. त्याच घरात, त्याच कूलरसमोर झोपून उजव्या डोळ्याला काही झालं नव्हतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. टॅक्रोलिमसचं ०.०३ टक्के डोळ्यांचं मलम, दिवसातून दोनदा सुरू केलं. याच नावाचं त्वचेचं मलमही दुकानात मिळतं, ते डोळ्यात घालायचं नाही. हे औषध कापलेली ग्रंथी परत आणत नाही. उरलेल्या मुख्य ग्रंथीवर शरीराची जी चढाई चालू असेल, ती थोपवतं आणि त्या ग्रंथीला पाणी सोडायला लावतं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत "फरक नाही" म्हणून बंद करणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून तारीख घालून कागदावर लिहून दिलं : अमुक दिवसापर्यंत फरक दिसणारच नाही. कूलरची दिशा बदलली. डोळ्याभोवतीचे केस आखूड कापले. मलमाआधी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिपडं पुसायची, कारण चिपडांवर घातलेलं मलम डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही.

जुलैत डावा १५, उजवा १९. लाली गेलेली, टॉर्चचा ठिपका डावीकडेही बऱ्यापैकी धारदार. सूनबाईंनी विचारलं, आता मलम बंद करायचं का? नाही. १५ हा आकडा मलमाच्या जोरावर आलाय. बंद केलं, की बहुतेक कुत्र्यांत काही आठवड्यांत तो पुन्हा घसरतो. आजोबांनी मलमाच्या ट्यूबची किंमत विचारली, महिन्याला किती लागेल ते विचारलं, कॉकरचं आयुष्य बारा-चौदा वर्षांचं धरलं आणि तोंडी गुणाकार केला. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं बिल त्या आकड्यापुढे अगदीच किरकोळ निघालं. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त पाकीट खिशात ठेवलं.

एक विषय राहिला होता. चकलीला पुढच्या वर्षी पिल्लं व्हावीत, अशी घरात हौस होती. ओळखीतल्या एकाचा नर कॉकर पाहूनही ठेवला होता. दोन्ही डोळ्यांत ग्रंथी बाहेर आलेली मादी, वर एका डोळ्यात अश्रूंची तूट. ही प्रवृत्ती वंशातून उतरते, असं बहुतेक नेत्रतज्ज्ञ मानतात. मी स्पष्ट सांगितलं की पिल्लं घेऊ नयेत. घरातल्या लहान मुलीने तोंड पाडलं. आजोबांचं म्हणणं, "नर तर चांगला आहे ना?" नर चांगला असला तरी अर्धं रक्त चकलीचंच जाणार. शेवटी थंडीत गर्भाशय काढायचं ठरलं. त्याच भुलेत डावी पापणी पुन्हा ओढून, मागे कापलेल्या जागी ग्रंथीचा काही तुकडा शिल्लक आहे का, तेही पाहून घेणार आहे. थोडा उरलेला असेल, तर पुढचा अंदाज जरा बरा देता येईल.

तोवर डावीकडे मलम सकाळ-संध्याकाळ, उजवीकडे काही नाही. पुढची पट्टी दिवाळीनंतर, दोन्ही डोळ्यांची.